वर्गात शिकवलेलं 'नको' घरी पोचतं तेव्हा

पत्राचा सारांश: पत्रलेखिका सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत तिसरीच्या वर्गशिक्षिका आहेत. वर्गात बेचाळीस मुलं. बहुतेकांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू. आया घरी विड्या वळतात, वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. गेल्या महिन्यात बाईंनी 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हा तास घेतला आणि 'नको म्हणा, ओरडा, पळा, मोठ्यांना सांगा' हे पाठ करून घेतलं. चार दिवसांनी एका मुलीची आज्जी शाळेत आली. घरी आलेले काका नेहमीसारखं मांडीवर ओढून पापा घ्यायला गेले, तर पोरगी 'नको' म्हणून किंचाळली आणि आतल्या खोलीत पळाली. चार माणसांत काकांचा चेहरा पडला. 'आमच्या लेकराच्या डोक्यात नाही ते भरवलंत तुम्ही,' असं आज्जी बोलून गेली. मुख्याध्यापक म्हणतात, पुढच्या वेळी फक्त मुलींना बसवा, एखाद्या पोलीस मॅडमना बोलवा, तासाभरात आटपा. बाईंचे प्रश्न असे: मी घाई केली का? धडा चुकीच्या माणसावर उलटला का? हे काम आईवडिलांचं नाही का? आणि ताजा कलमात: 'खरं सांगू? उद्या एखाद्या लेकराने उठून खरंच काही सांगितलं तर मी काय करू, याचीच मला जास्त भीती वाटते.' ती मुलगी तेव्हापासून वर्गात गप्प असते, असंही एका ओळीत लिहिलं आहे.

बाई,

त्या आज्जींवर रागावू नका. त्या शाळेत येऊन बोलल्या, हे मला बरंच वाटलं. पुष्कळ घरांत अशा वेळी पोरीच्या पाठीत एक धपाटा बसतो आणि विषय तिथेच मिटतो. शाळेला काही कळतही नाही.

आज्जींना त्या 'नको'त आरोप ऐकू आला. काकांनाही तोच ऐकू आला असणार. आणि तुम्हालाही, नाहीतर 'चुकीच्या माणसावर उलटला' असं तुम्ही लिहिलं नसतं. गाठ इथे बसली आहे. दाढी टोचते म्हणून नको, तंबाखूचा वास येतो म्हणून नको, खेळ अर्धा राहिला म्हणून नको, कधी उगाचच नको. आठ वर्षांच्या लेकराला कारण सांगता येईलच असं नाही, आणि दर वेळी मागूही नये. काका 'बरं बाई, लांबूनच राम राम' म्हणून हसले असते तर त्या संध्याकाळी कुणाचा चेहरा पडायचं कारण नव्हतं. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. चांगले आहेत असंही इथे बसून म्हणू शकत नाही. तुम्हीही यातलं काहीच ठरवून टाकू नका.

आपल्याकडे लहान मुलाच्या गालावर सगळ्या गल्लीचा हक्क असतो. त्यात माया असते, ती मीही खाल्ली आहे. पण मोठ्यांचा मान राखायला नमस्कार पुरतो, सलाम पुरतो, पाण्याचा तांब्या आणून देणं पुरतं. त्यासाठी अंग द्यावं लागत नाही. आज्जींना हे एवढंच सांगून बघा. 'पोरगी उद्धट झाली' ही त्यांची खरी तक्रार आहे, आणि उद्धट न होता नको कसं म्हणायचं हे आपण लेकरांना शिकवलेलंच नाही. तुम्ही 'ओरडा' शिकवलंत, ती ओरडली. आज्ञाधारकच म्हणायची.

आता तुमच्या धड्याबद्दल. घाई झाली असं मला वाटत नाही. सोलापूरकरांना गड्ड्याच्या जत्रेची आठवण करून देते. जानेवारीत होम मैदानावरच्या गर्दीत हरवलेल्या पोरांचा पुकारा लहानपणी आम्ही जत्रेच्या गाण्यांइतकाच ऐकला आहे. 'निळा फ्रॉक घातलेली मुलगी सापडलेली आहे, नाव पिंकी सांगते, वडिलांचं नाव पप्पा सांगते.' त्यानंतर आमच्या आईने घरोघरी जत्रेआधी व्हायची ती उजळणी आमच्याकडेही सुरू केली. पूर्ण नाव, बापाचं नाव, पेठ, हरवलीस तर जागेवर थांब, पोरं घेऊन आलेल्या बाईला नाहीतर पोलिसाला सांग. तीन-चार वर्षांच्या मुलांना आपण हे शिकवतो आणि त्याने त्यांचं बालपण नासतं असं कुणी म्हणत नाही. अंगाच्या सुरक्षेचा धडा याच जातीचा आहे. त्यात लैंगिक शिक्षणाचा बाऊ मोठ्यांच्या डोक्यात असतो. मुलांना तो दिसत नाही.

माझी तक्रार आहे ती 'चांगला' आणि 'वाईट' या शब्दांवर. इंजेक्शन दुखतं, मग तो वाईट स्पर्श? गुदगुल्यांनी हसू येतं, मग चांगला? लेकराच्या वाट्याला जाणारा माणूस पहिल्या दिवशी दुखवत नाही. तो चॉकलेट देतो, मोबाइलवर गेम लावून देतो, 'तू माझी लाडकी' म्हणतो. मूल गोंधळतं, आणि पुढे कधी कळलं तर त्याला वाटतं, मलाच आवडत होतं ना, म्हणजे चूक माझीच.

जाता जाता एक सांगते. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका खटल्यात म्हटलं होतं की कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, लैंगिक हल्ल्याच्या कलमात बसत नाही, त्वचेला त्वचा लागायला हवी. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. बघायचा तो हेतू, मध्ये कापड होतं की नाही हे नव्हे. स्पर्शाचा अर्थ लावताना काळ्या कोटातल्यांची ही गत, आणि तो निवाडा आपण तिसरीच्या पोरीवर टाकतो!

म्हणून तिला निवाडा करायला लावू नका. जागेचा नियम सांगा. चड्डी आणि बनियन झाकतं ती जागा आपली खाजगी. ती कुणी बघायची नाही, हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही, आणि कुणी स्वतःची दाखवायची नाही की हात लावायला सांगायचं नाही. आई आंघोळ घालते, आजारपणात डॉक्टर आईसमोर तपासतात, एवढाच अपवाद. नियम मोडला गेला की सांगायचं. माणूस कोण, आवडता की नावडता, हा प्रश्नच नाही. रस्ता ओलांडायचा नियमही आपण ट्रक कुणाचा हे बघून पाळत नाही.

त्याच्या जोडीला गुपिताचा नियम. आईच्या वाढदिवसाचा केक लपवला तर ती गंमत, संध्याकाळी ती सगळ्यांना कळणारच असते. 'हे कुणालाच कधी सांगायचं नाही हं' असं मोठं माणूस म्हणालं, तर ते गुपित लगेच फोडायचं. मुलांना हा फरक झटकन कळतो. स्पर्शाच्या व्याख्येपेक्षा कितीतरी लवकर.

तुमच्या वर्गात आणखी एक अडचण आहे आणि एक मजाही. पोरांना 'नाक', 'गुडघा' मराठीत येतं कारण शाळेत शिकवलं. घरी तेलुगूत येतं कारण आईने शिकवलं. चड्डीखालच्या अवयवांची नावं मात्र कुणीच कुठल्याच भाषेत दिलेली नाहीत, दिल्या आहेत त्या शिव्या. ज्याला नाव नाही ते सांगणार कसं? घरात जो साधा शब्द चालतो तो आधी आयांकडून काढून घ्या आणि वर्गात न हसता उच्चारा. पहिल्या वेळी पोरं खिदळतील, दुसऱ्या वेळी कमी, तिसऱ्या वेळी नाहीच. आणि फळ्यावर चार शब्द लिहा: नको, वद्दु, बेड, नक्को. एकेका मुलाला आपल्या घरच्या भाषेत म्हणू द्या. आधी हळू, मग नीट, डोळ्यात बघून. 'काका, मला पापा नको, मी नमस्कार करते.' हे वाक्य घोकायला 'ओरडा, पळा'पेक्षा बरं. संकटात काही लेकरं ओरडूच शकत नाहीत, थिजतात. ज्याला ओरडता आलं नाही त्याला तुमची चार वाक्यं नंतर टोचत राहतात. त्यांच्या शेवटी एक पाचवं जोडा: 'तेव्हा जमलं नाही तरी चालेल, नंतर कधीही सांग, तुझी चूक नाही.' एवढ्या एकाच वाक्यासाठी तास घ्यावा लागला तरी घ्या.

मुख्याध्यापक सरांचं म्हणणं मात्र मला पटत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांत, महाराष्ट्र धरून, मुलांशी बोलून एक अभ्यास छापला. त्यात अर्ध्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला, ५३ टक्क्यांच्या वर. त्रास झालेल्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते, थोडे जास्तच होते. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले. आणि बहुतेक मुलांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मग मुलग्यांना मैदानात पाठवून आपण काय शिकवतो? की त्यांना काही होत नाही, आणि झालं तर पुरुषासारखा पुरुष असून सांगायला लाज वाटायला हवी. पोलीस मॅडमना जरूर बोलवा, पण गणवेश बघून मुलांच्या डोक्यात चोर येतो, बाहेरचा माणूस येतो. जवळच्या माणसाची गोष्ट रोजच्या बाईंनीच सांगायला हवी, आणि एका तासात नाही. आठवड्याला दहा मिनिटं, परिपाठानंतर, वर्षभर.

मी एकदा दुसरीच्या वर्गात मागे बसले होते. बाईंनी मुलांना वहीत स्वतःचा हात ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवायला सांगितली आणि प्रत्येक बोटावर असं एक माणूस लिहायला सांगितलं, ज्याला काहीही सांगता येतं. माझ्या पुढचा मुलगा जीभ बाहेर काढून लिहीत होता. अंगठ्यावर 'आई'. पुढच्या बोटावर 'आज्जी', ज्ज खोडून पुन्हा काढलेला. मग थांबला. मी विचारलं, बाकीची तीन? म्हणाला, 'बाकीचे कामावर असतात.' थोड्या वेळाने त्याने करंगळीवर बाईंचं नाव लिहिलं आणि त्यांना दिसू नये म्हणून वर तळवा ठेवला.

तुमच्या बेचाळीस वह्यांत किती बोटं रिकामी राहतात ते बघा. ते काम वाचन-लेखनाच्या चाचणीहून अवघड आहे. आणि 'हे आईवडिलांचं काम नाही का' याचं उत्तरही त्या वह्यांत आहे. घरात त्रास होत असेल तर लेकराला शाळेत दार हवं. शाळेत किंवा रिक्षात होत असेल तर घरात हवं. दोघांपैकी एकावर सोडून चालत नाही, कारण कुठलं दार बंद असेल हे आधी कळत नाही.

इथे थोडं बोचणारं लिहिते. 'तुझं अंग तुझं आहे' हे सांगून झाल्यावर त्याच तासाला आपण पाढा चुकला म्हणून कान पिळतो. शिक्षण हक्क कायद्याच्या, २००९ च्या, सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, पण मी कायद्यासाठी म्हणत नाही. मुलं आपल्या वाक्यांपेक्षा आपले हात जास्त लक्षात ठेवतात.

आणि सगळा भार लेकरांच्या सावधपणावर टाकू नका. रिक्षावाल्या मामांच्या शेजारी पुढच्या सीटवर कोण बसतं? रोज तीच मुलगी असेल तर मोठ्यांनी बदला, तिला 'सांभाळून बस' म्हणण्यात अर्थ नाही. शेवटचं उतरणारं मूल कोण, ते किती वेळ एकटं असतं? मधल्या सुट्टीनंतर स्वच्छतागृहाकडे पहिली-दुसरीची पोरं एकटी जातात की जोडीने? पाणी यायच्या दिवशी सगळ्या बायका नळावर असतात, तेव्हा पोरं कुणाच्या घरी असतात? मे महिन्यात पाहुण्यांसकट गच्चीवर अंथरुणं पडतात, तेव्हा कोण कुणाशेजारी झोपतं? हे प्रश्न पालकांच्या सभेत विचारले की आयांची तोंडं सुटतात. 'स्पर्श' म्हटलं की त्या खाली बघतात.

बदलापूरची घटना ऑगस्ट २०२४ ची. शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार, शाळेच्या आवारात, आरोपी शाळेचाच कर्मचारी. तक्रार नोंदवायला उशीर झाला म्हणून लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्या वयाच्या मुलींना कुठला 'नको' शिकवणार होतो आपण? तिथे मोठ्यांनी बघायला हवं होतं आणि ऐकायला हवं होतं. आपल्या राज्यात २०२२ पासून शाळांत मुलांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारी सखी सावित्री समिती असायला हवी. तुमच्याकडे ती कागदावर आहे की तिची बैठक होते, हे सरांना विचाराच. तक्रारपेटी असेल तर तिची किल्ली कुणाकडे आहे, हेही.

आता तुमची भीती. तुम्ही ती ताजा कलमात ढकललीत, पण मला वाटतं सगळं पत्र तिच्यासाठीच लिहिलं आहे. धडा मनापासून शिकवला तर आज ना उद्या कुणीतरी येणार. बहुधा तास चालू असताना नाही, घंटा झाल्यावर, दप्तराचा बंद चावत, आणि भलत्याच विषयावरून सुरुवात करत. तेव्हा बसा. उभं राहून ऐकू नका. चेहरा जमेल तेवढा शांत ठेवा, कारण तुम्ही हादरलात हे दिसलं तर ते पुढचं गिळेल. मध्ये तोडू नका, खोदून विचारू नका. 'आधी का नाही सांगितलंस' हे तर चुकूनही नको. 'खरं का?' हेही नको, तपास तुमचं काम नाही. 'सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. मी मदत करणार आहे,' एवढं पुष्कळ. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन मागितलं तर देऊ नका. 'तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगीन,' म्हणा. मूल गेलं की लगेच त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून काढा. स्टाफरूममध्ये कुजबुज नको. ज्याचं नाव आलं त्याला बोलावून जाब विचारायचा नाही, त्याने पुरावा जातो आणि लेकरावर घरी दडपण येतं.

कायदा इथे स्पष्ट आहे. पोक्सो, २०१२ च्या एकोणिसाव्या कलमानुसार असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळतं, किंवा घडेल अशी भीती वाटते, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'ज्याला' म्हणजे कुणालाही. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे तुमची जबाबदारी संपली, असं होत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे, आणि मुलाने सांगितलेलं पुढे चुकीचं ठरलं तरी त्याला शिक्षा नाही. फोन १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर करा, तातडी असेल तर ११२ वर. आज्ज्यांना 'पोरीला ठाण्यात नेतील' याची धास्ती असते. त्यांना सांगा, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, जमेल तिथे महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आईबाप किंवा विश्वासाचं माणूस जवळ असताना. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. नाव छापता येत नाही.

त्या काकांच्या गोष्टीत अजून असं कुणी काही सांगितलेलं नाही. पापा नाकारणं ही तक्रार नव्हे, तेव्हा पोलिसांकडे धावायचं कारण नाही. पालकांची सभा घ्या, आयांना विचारून वेळ ठरवा. विड्या देऊन यायच्या घाईत ठेवलीत तर कुणी येणार नाही. तेलुगू बोलणाऱ्या एखाद्या सहकारी बाईंना शेजारी बसवा. चिठ्ठीवर वडिलांचंही नाव घाला आणि आज्ज्यांना मुद्दाम बोलवा, घरातला नियम त्यांच्या तोंडूनच लागू होतो. त्या रागावलेल्या आज्जींना पुढे बसवा.

पण सभेच्या आधी, या आठवड्यातच, त्या मुलीकडे जा. तुमच्या पत्रात आज्जी आहे, काका आहेत, सर आहेत, तिच्या वाट्याला एक ओळ आली आहे. तुम्ही शिकवलेलं तिने केलं आणि मग घर, शाळा, सगळे तिच्यामुळे अडचणीत आले, असं तिला वाटत असणार. वर्गासमोर बोलू नका, ऑफिसात बोलावू नका. डबा खाताना शेजारी बसा. काकांबद्दल एक अक्षर विचारू नका. 'त्या दिवशी तू नको म्हणालीस, त्यात तुझं काही चुकलं नाही. मी रागावलेली नाही,' एवढं म्हणा आणि तिच्या डब्यातली शेंगाचटणी मागून खा. ती काही बोलली तर ऐका. नाही बोलली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसा.